एनएफएसवर एनक्रिप्शन आणि त्यावर ओव्हरले: एका फोल्डरची यादी यायला ४८ सेकंद का लागतात?

मोडीवाचक (प्रश्न)

नमस्कार.

सदाशिव पेठेतील एका लहान संस्थेत आम्ही पाच-सहा जण मोडी कागदपत्रांच्या डिजिटल जतनाचे काम करतो आणि त्यातील संगणकांची जबाबदारी माझ्याकडे आहे. दप्तरखान्यात कागद रुमालात बांधून ठेवतात, तसा आमच्याकडे प्रत्येक रुमालाचा एक फोल्डर आहे. एका रुमालात साधारण ३०० पाने येतात आणि प्रत्येक पानामागे चार फायली असतात: सुमारे ३५ एमबीची टिफ प्रतिमा, पाहण्यापुरती छोटी प्रतिमा, देवनागरी लिप्यंतराचा मजकूर आणि नोंदींची एक्सएमएल फाईल. म्हणजे एका रुमालाच्या १,२०० फायली होतात, आणि असे १४० रुमाल आजवर पूर्ण झाले आहेत.

हे सर्व नवी मुंबईतील एका डेटा सेंटरमध्ये भाड्याने घेतलेल्या लिनक्स सर्व्हरवर आहे. तेथील ईएक्सटी४ फाईल सिस्टिम एनएफएस ४.१ ने (दूरच्या यंत्रावरील फायली इकडे स्थानिक फोल्डरसारख्या दाखवणारी पद्धत), वायरगार्डच्या सुरक्षित बोगद्यातून, आमच्या पुण्यातील यंत्रावर माउंट होते, म्हणजे जोडली जाते. त्यावर गोक्रिप्टएफएस या फायली एनक्रिप्ट करणाऱ्या (किल्लीशिवाय वाचता न येणाऱ्या रूपात ठेवणाऱ्या) प्रोग्रॅमचा थर आहे, कारण ज्या घराण्यांनी कागद विश्वासाने आमच्या हाती दिले, त्यांना आम्ही शब्द दिला आहे की त्यांचा मजकूर परक्या यंत्रावर उघडा राहणार नाही. सर्वांत वर ओव्हरलेएफएस आहे; ते एकावर एक ठेवलेले अनेक फोल्डर एकच फोल्डर म्हणून दाखवते. त्याच्या खालच्या बाजूला मूळ स्कॅन, पहिली सुधारणा आणि दुसरी सुधारणा असे तीन थर आहेत, ते तिन्ही स्वतंत्र गोक्रिप्टएफएस माउंट आहेत, आणि लिहिण्याचा वरचा थर पुण्यातील यंत्राच्या एसएसडीवर आहे.

आमची लाईन १०० एमबीपीएसची आहे आणि पिंग (एक प्रश्न जाऊन उत्तर परत यायचा वेळ) ६ मिलिसेकंद येतो. एखादी टिफ उघडली तर ती साडेतीन सेकंदांत येते, त्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. अडचण यादीची आहे. कॅशे (आधी वाचलेल्याची तात्पुरती साठवण) रिकामी करून एका रुमालावर ‘एलएस -एल’ ही गुणधर्मांसह यादी देणारी आज्ञा चालवली, तर नुसत्या एनएफएस माउंटवर जेमतेम १ सेकंद लागतो, गोक्रिप्टएफएसमधून ३१ सेकंद लागतात आणि ओव्हरलेमधून ४८ सेकंद लागतात. आमचे अभ्यासक दिवसभरात वीस-पंचवीस रुमाल उघडतात, तेव्हा हा वेळ त्यांच्या कामातून जातो.

एका वेळचा डेटा वाढवण्याचे सर्व प्रयत्न मी करून पाहिले आहेत. आरसाइझ (एका वाचनाचा कमाल आकार) आधीच १ एमबी आहे, एनकनेक्ट (सर्व्हरशी असलेल्या जोडण्यांची संख्या) ४ करून पाहिले, आणि महिनाभर लाईन २०० एमबीपीएसची करून घेतली, तरी ४८ चे ४७ सेकंद झाले, त्यापलीकडे काही नाही. शिवाय गेल्या आठवड्यात एका रुमालाच्या फायलींच्या फक्त परवानग्या मी ‘सीएचमॉड’ने बदलल्या आणि त्या एका आज्ञेने लाईनवरून जवळपास साडेदहा जीबी पुण्यात आले, असे मीटरवर दिसले.

प्रत्येक थराची किंमत इतकी जबर असते का? आणि दिलेला शब्द न मोडता यातील कोणता थर काढता येईल?


कर्वेनगरकर

तुम्ही लाईन दुप्पट करून पाहिलीत, हे फार उपयोगी झाले, कारण त्यातून अर्धे उत्तर मिळते. रुंदी दुप्पट होऊनही वेळ बदलत नसेल, तर तुमचा वेळ डेटा वाहण्यात जात नाही. तो उत्तराची वाट पाहण्यात जातो.

पुणे-मुंबई अंतर सुमारे १५० किलोमीटर धरा. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे जाऊन येण्याच्या ३०० किलोमीटरला दीड मिलिसेकंद लागतोच. तो कोणत्याही सेटिंगने कमी होणार नाही. केबल सरळ जात नाही आणि मध्ये राउटर असतात, म्हणून तुमचे ६ मिलिसेकंद मला रास्त वाटतात. हा आकडा एका फेरीला लहान आहे, पण फाईल सिस्टिम बहुतेक प्रश्न एकामागून एक विचारते: हे नाव आहे का, आहे तर उघड, उघडली तर वाच, वाचली तर बंद कर. आधीचे उत्तर आल्याशिवाय पुढचा प्रश्न विचारताच येत नाही. दप्तरखान्यातील कारकुनाला एकेका कागदासाठी नवी मुंबईला पाठवले, तर रस्ता चौपदरी असो की आठपदरी, त्याच्या फेऱ्या तेवढ्याच राहतात. एनकनेक्टचा उपयोग न होण्याचे कारणही हेच आहे, कारण चार जोडण्या उघडल्या तरी एका वेळी प्रश्न एकच जात असेल, तर तीन जोडण्या रिकाम्याच राहतात.

नुसत्या एनएफएसवर यादी एका सेकंदात येते, कारण एनएफएस फोल्डर वाचताना नावांबरोबर त्यांचे गुणधर्मही गठ्ठ्याने मागवू शकते; शेकडो नावे एका फेरीत येतात. वरच्या थराने हा गठ्ठा सोडून एकेका नावाची चौकशी सुरू केली की ती सोय संपते. थरांच्या बाबतीत खरे नुकसान येथे होते. प्रत्येक थर खालच्या थराला अधिक प्रश्न विचारतो, आणि तो थर तारेच्या या बाजूला असेल तर त्याचा प्रत्येक जादा प्रश्न ६ मिलिसेकंदांना पडतो. तोच थर तारेच्या पलीकडे, सर्व्हरवर असता, तर तेच प्रश्न तेथल्या तेथे मायक्रोसेकंदांत सुटले असते. म्हणून थर किती आहेत, यापेक्षा तार कोणत्या थराखालून जाते, हे आधी पाहावे.

‘फ्यूज मुळातच मंद आहे, ते काढून टाका’ असे उत्तर तुम्हाला कदाचित मिळेल, म्हणून त्याबद्दलही लिहितो. फ्यूज म्हणजे कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) बाहेरील साध्या प्रोग्रॅमने फाईल सिस्टिम चालवण्याची सोय; गोक्रिप्टएफएस तिच्यावर चालते. फ्यूजमध्ये प्रत्येक विनंती कर्नलमधून वापरकर्त्याच्या प्रोसेसकडे जाऊन परत येते, हा खर्च खरा आहे. स्थानिक डिस्कवर तो मोजणारा एक अभ्यास २०१७ च्या फास्ट या डेटा साठवणुकीवरील परिषदेत मांडला गेला होता. त्यात काही कामांत फरक जवळपास जाणवत नव्हता, तर सर्वांत वाईट प्रसंगी वेग ८३ टक्क्यांपर्यंत घटला होता. पण तो खर्च काही मायक्रोसेकंदांचा असतो आणि तुमची एक फेरी ६,००० मायक्रोसेकंदांची आहे. तुमच्या बाबतीत फ्यूजची ये-जा आणि एनक्रिप्शनचे (एईएसचे) गणित हे दोन्ही खर्च आकड्यांत दिसणारही नाहीत.

आता अंदाजाऐवजी मोजणी करू. ‘/प्रॉक/सेल्फ/माउंटस्टॅट्स’ या फाईलमध्ये प्रत्येक एनएफएस माउंटवर कोणती क्रिया किती वेळा झाली, ते लिहिलेले असते. कॅशे रिकामी करा, आधीचे आकडे टिपा, ओव्हरलेमधून यादी काढा, पुन्हा आकडे टिपा आणि वजाबाकी येथे द्या. तुमच्या एखाद्या फाईलचे पूर्ण नावही द्या.


मोडीवाचक

तत्काळ उत्तराबद्दल आभारी आहे. तिन्ही माउंटची बेरीज करून वजाबाकी अशी आली: लुकअप (नावाची चौकशी) ३,६०० च्या थोड्या वर, ओपन १,२१४, रीड १,२२० च्या आसपास आणि क्लोज १,२१४. बाकीच्या क्रिया किरकोळ आहेत.

मला कोडे पडले आहे ते ओपनचे. मी फक्त यादी मागितली होती आणि एकही फाईल उघडली नव्हती. मग १,२१४ वेळा फाईल उघडली कोणी, आणि तीही नेमकी फायलींच्या संख्येइतकी?

फाईलचे नाव असे असते: ‘रुमाल-०१७_पान-००२३_सनदा-व-इनामपत्रे_कसबे-सुपे_तपासलेली-दुरुस्त-प्रत’, आणि त्यापुढे टिंब व तीन रोमन अक्षरांचे नेहमीचे एक्स्टेन्शन. नावावरूनच कागद ओळखता यावा, असा आमच्या ज्येष्ठ वाचकांचा आग्रह होता आणि तो मला पटलेला आहे.


खडकवासला_७

तुमचे कोडे त्या नावातच आहे, आणि ते मराठीत काम करणाऱ्या प्रत्येकाने समजून घ्यावे असे आहे.

यूटीएफ-८ मध्ये (संगणकात अक्षरे साठवण्याच्या नेहमीच्या पद्धतीत) देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते. येथे चिन्ह म्हणजे अक्षर नव्हे. काना, मात्रा, उकार, हलन्त ही सर्व स्वतंत्र चिन्हे आहेत. ‘पत्रे’ हा शब्द डोळ्यांना दोन अक्षरांचा दिसतो, पण तो प, त, हलन्त, र आणि मात्रा अशा पाच चिन्हांचा, म्हणजे १५ बाइटांचा आहे. तुमच्या नावात देवनागरीची ५६ चिन्हे आहेत, त्यांचे १६८ बाइट झाले. आडव्या रेघांचे ११ आणि एक्स्टेन्शनचे ४ मिळवले की नाव १८३ बाइटांचे होते.

लिनक्सवरील बहुतेक फाईल सिस्टिममध्ये नावाची मर्यादा २५५ बाइट आहे, त्यामुळे एरवी तुमचे नाव आरामात बसते. गोक्रिप्टएफएस मात्र नावही एनक्रिप्ट करते: आधी ते १६ च्या पटीत भरते आणि मग बेस६४ मध्ये (फक्त ६४ साध्या चिन्हांत) मांडते, ज्यात लांबी एक-तृतीयांशाने वाढते. मूळ नाव १७५ बाइटांपर्यंत असेल तर भरून १७६ होते आणि बेस६४ नंतरही २५५ च्या आत राहते. १७६ बाइटांचे नाव मात्र भरून १९२ होते, आणि १९२ चे बेस६४ बरोबर २५६ होतात. एका बाइटाने मर्यादा ओलांडली जाते. अशा नावासाठी गोक्रिप्टएफएस दोन फायली करते. एका फाईलला एनक्रिप्टेड नावाच्या हॅशवरून (नावातून काढलेल्या ठरावीक लांबीच्या खुणेवरून) बनवलेले छोटे नाव देऊन तिच्यात मजकूर ठेवते, आणि शेजारच्या दुसऱ्या छोट्याशा फाईलमध्ये पूर्ण एनक्रिप्टेड नाव लिहून ठेवते.

आता यादी काढताना काय होते, ते पाहा. फोल्डरमध्ये फक्त हॅश दिसतो आणि हॅशवरून नाव उलगडत नाही, म्हणून प्रत्येक लांब नावासाठी ती दुसरी फाईल उघडावी, वाचावी आणि बंद करावी लागते. तुमचे १,२०० ओपन, १,२०० रीड आणि १,२०० क्लोज येथून आले. एकूण ३,६०० फेऱ्या, प्रत्येकी ६ मिलिसेकंद, म्हणजे २१.६ सेकंद केवळ नावे वाचण्यात गेले. त्यानंतर गुणधर्मांसाठी प्रत्येक फाईलमागे एक लुकअप, म्हणजे आणखी ७.२ सेकंद. बेरीज २८.८ होते आणि तुम्ही ३१ मोजले आहेत.

ओव्हरलेचा हिशेबही असाच लागतो. तो नाव वरून खाली शोधत जातो आणि साधी फाईल पहिल्यांदा जेथे सापडेल तेथे थांबतो. तुमच्या बहुतेक फायली सर्वांत खालच्या, मूळ स्कॅनच्या थरात असणार. म्हणजे प्रत्येक नावासाठी दुसऱ्या सुधारणेत ‘नाही’, पहिल्या सुधारणेत ‘नाही’ आणि मग मूळ थरात ‘आहे’ अशी तीन उत्तरे येतात, आणि ‘नाही’ हे उत्तर आणायलाही नवी मुंबईपर्यंत जावेच लागते. १,२०० नावांचे दोन-दोन नकार म्हणजे १४.४ सेकंद. ३१ मध्ये ते मिळवले तर ४५ होतात.

म्हणून पहिली गोष्ट म्हणजे नावे आखूड करा: ‘र०१७-प००२३’ एवढे पुरेल. ज्येष्ठ वाचकांचा आग्रह योग्यच आहे, पण सनदा, इनामपत्रे, कसबे सुपे ही माहिती नोंदींच्या एक्सएमएलमध्ये आणि सूचीत राहू द्या, तेथे ती शोधताही येते. नावे बदलताना दोन काळज्या घ्या. ओव्हरले उतरवून, प्रत्येक गोक्रिप्टएफएस माउंटवर थेट नावे बदला, कारण ओव्हरलेमधून खालच्या थरातील फाईलचे नाव बदलले तर ती अख्खी फाईल वरच्या थरात उतरवून घेतली जाते. आणि तिन्ही थरांत तेच नाव द्या. एका थरात चूक झाली तर सुधारित पान मूळ पानाला झाकणार नाही आणि यादीत एकच पान दोनदा दिसेल.


नवी_सांगवी

वरचे दोन्ही प्रतिसाद अचूक आहेत. साडेदहा जीबीचे स्पष्टीकरण राहिले होते, ते देतो.

ओव्हरलेएफएस २०१४ मध्ये कर्नल ३.१८ मध्ये आले, तेव्हापासून त्याचा नियम असा आहे की खालच्या थराला हात लावायचा नाही; काहीही बदलायचे झाले की ती फाईल आधी पूर्ण वरच्या थरात आणायची. बदल मजकुरातला असो की मालकी व परवानग्यांतला, नियम एकच होता. ३०० टिफ गुणिले ३५ एमबी म्हणजे साडेदहा जीबी, तो तुमचा आकडा. १०० एमबीपीएसच्या लाईनवर त्याला किमान १४ मिनिटे लागली असणार. कर्नल ४.१९ पासून मेटाकॉपी नावाचा पर्याय आहे, तो सुरू केला तर परवानगी बदलताना फक्त गुणधर्म वर येतात आणि मजकूर पहिल्यांदा लिहिण्यासाठी उघडेपर्यंत खालीच राहतो. मात्र टिफच्या आतील टॅगमध्ये चार अक्षरांची टीप लिहिली, तरी ३५ एमबी वर येणारच. टिपा एक्सएमएलमध्ये ठेवा आणि टिफला हात लावू नका.

एक गोष्ट तुमच्या प्रश्नात नव्हती, तरी मला ती वेगापेक्षा गंभीर वाटते. ओव्हरले माउंट असताना खालच्या थरांत दुसऱ्या वाटेने बदल झाले, तर पुढे काय दिसेल याची कर्नल कोणतीही हमी देत नाही. तुमच्या संस्थेतील कोणी सुधारित स्कॅन थेट एनएफएस माउंटवर टाकत असेल, तर ते आजच थांबवा. नावे आणि गुणधर्म वेगवेगळ्या थरांत वेगवेगळ्या काळासाठी लक्षात ठेवले जातात. लिनक्सचा एनएफएस क्लायंट फाईलचे गुणधर्म मुळात ३ ते ६० सेकंद आणि फोल्डरचे ३० ते ६० सेकंद जपतो, त्यावर फ्यूजची आठवण वेगळी, त्यावर ओव्हरलेची वेगळी. जुने आणि नवे एकत्र दिसू लागले की चूक कोणत्या थरात आहे हे शोधण्यात दिवस जातात. मी स्वतः अशा शोधात एक पूर्ण आठवडा घालवला आहे.

कोणी सर्व्हरच्या एक्स्पोर्टमध्ये ‘एसिंक’ लावा असे सुचवले तर कृपया लावू नका. त्याने लिहिणे वेगवान दिसते, कारण डेटा डिस्कवर पोहोचण्याआधीच सर्व्हर ‘झाले’ म्हणतो, आणि त्या क्षणी वीज गेली तर तुमच्या यंत्राला वाटते की पान सुरक्षित आहे, प्रत्यक्षात ते कुठेच नसते. मोडी कागदाच्या बाबतीत तो धोका पत्करण्याचे कारण नाही. माउंट ‘हार्ड’च ठेवा हेही त्याच कारणासाठी सांगतो. आपल्याकडे पावसाळ्याच्या तोंडावर रस्ते खोदले की केबल तुटते. तेव्हा हार्ड माउंटवरील प्रोग्रॅम लाईन परत येईपर्यंत अडकून बसतात आणि त्याचा त्रास होतो, पण ‘सॉफ्ट’ माउंट मध्येच चूक कळवून लिहिणे अर्धवट सोडतो, आणि सर्व प्रोग्रॅम ती चूक नीट हाताळतात असे नाही.

आता उपायाकडे येतो. पूर्ण झालेला रुमाल स्क्वॉशएफएसच्या एका प्रतिमेत (अख्खा फोल्डर दाबून ठेवणाऱ्या, फक्त वाचता येणाऱ्या एका फाईलमध्ये) बांधा, असे मी प्रथम लिहिणार होतो. स्क्वॉशएफएस फायलींची माहिती ८ केबीच्या दाबलेल्या ठोकळ्यांत ठेवते, त्यामुळे १,२०० फायलींची सर्व माहिती दहा-पंधरा वाचनांत येते आणि वाचनापुरता हा उपाय उत्तम आहे. पण तुमचे आकडे पुन्हा पाहिले आणि मत बदलले. टिफ सोडून उरलेल्या तीन फायली मिळून एका पानाच्या किती केबी होतात, ते सांगाल का?


मोडीवाचक

छोटी प्रतिमा २० केबी, मजकूर आणि एक्सएमएल मिळून साधारण १० केबी. पानाला ३० केबी धरायला हरकत नाही.

नावांचे स्पष्टीकरण वाचून मी लगेच ‘र०१७’चा एक प्रयोग केला. तिन्ही थरांत आखूड नावे दिली, इतर काहीही बदलले नाही, आणि ओव्हरलेमधून यादी ४८ ऐवजी २३ सेकंदांत आली. ओपनचा आकडा १,२१४ वरून १४ वर आला.


नवी_सांगवी

म्हणजे एका रुमालाच्या ९०० लहान फायली मिळून ९ एमबी आणि १४० रुमालांच्या मिळून १.२६ जीबी. टिफ मात्र जवळपास दीड टीबी आहेत. तुमचे अभ्यासक दिवसभर जे उघडतात, शोधतात, दुरुस्त करतात, ते सव्वा जीबी आहे, आणि ते एखाद्या जुन्या पेनड्राइव्हवरही मावेल. ते तारेपलीकडे ठेवण्याचे कारणच उरत नाही.

लहान फायली पुण्यातील यंत्राच्या एसएसडीवर ठेवा. ती डिस्क लक्सने (लिनक्समधील अख्खी डिस्क एनक्रिप्ट करण्याच्या सोयीने) एनक्रिप्ट करा, म्हणजे यंत्र चोरीला गेले तरी शब्द पाळला जाईल. सर्व्हरवर त्यांची प्रत रात्री पाठवा. त्यासाठी गोक्रिप्टएफएसमध्ये उलटी पद्धत आहे: साधा फोल्डर दिला की ती त्याचे एनक्रिप्टेड रूप दाखवते, आणि ते रूप आरसिंकने (फक्त बदललेल्या फायली पाठवून प्रत जुळवणाऱ्या प्रोग्रॅमने) पाठवता येते. या पद्धतीत तोच मजकूर दर वेळी त्याच एनक्रिप्टेड रूपात दिसतो, त्यामुळे न बदललेली फाईल पुन्हा पाठवली जात नाही.

येथे एक चूक बरेच जण करतात. आरसिंकला एनएफएस माउंटचा मार्ग देऊ नका, कारण मग त्याला दोन्ही टोके स्थानिक वाटतात आणि तोही एकेका फाईलची चौकशी तारेवरून करत बसतो. त्याला एसएसएच या सुरक्षित जोडणीवरून सर्व्हरवरील आरसिंकशी बोलू द्या. तेथे तो यादीचा प्रवाह सलग पाठवतो, प्रत्येक फाईलला उत्तराची वाट पाहत थांबत नाही, आणि सर्व्हरवरील तपासणी सर्व्हरवरच होते.

टिफ आहेत तेथे राहू द्या. मोठी फाईल सलग वाचताना पुढचे तुकडे आधीच मागवले जातात, म्हणून ६ मिलिसेकंदांचा त्रास तेथे होत नाही. तुमचे साडेतीन सेकंद हे लाईनच्या मर्यादेजवळच आहेत, कारण ३५ एमबीला किमान २.८ सेकंद लागणारच.


कर्वेनगरकर

मी याच्याशी पूर्ण सहमत आहे. टिफबद्दल दोन गोष्टी जोडतो.

मूळ स्कॅन कधीच बदलत नसतील, तर ते माउंट फक्त वाचनासाठी करा आणि त्यावर ‘नोसीटीओ’ (उघडताना नवा मजकूर आहे का हे न विचारणे) व ‘अ‍ॅक्टिमिओ=३६००’ (गुणधर्म तासभर जपणे) लावा. एनएफएसचा करार असा असतो की एकाने फाईल बंद केल्यावर दुसऱ्याने उघडली तर त्याला नवा मजकूर दिसावा, आणि त्यासाठी प्रत्येक उघडण्याच्या वेळी सर्व्हरला विचारावे लागते. जेथे कोणी लिहीतच नाही, तेथे हा प्रश्न अनावश्यक आहे. एनएफएस ४ मध्ये ओपन ही स्वतंत्र विनंती असल्याने एरवी ती फेरी तरीही होते. आवृत्ती ३ मध्ये ओपन नावाची विनंतीच नाही, म्हणून केवळ वाचनाच्या माउंटसाठी ३ कधी कधी सरस ठरते. दोन्ही मोजून पाहा.

त्याच माउंटवर ‘एफएससी’ हा पर्याय आणि कॅशेफाइल्सडी सुरू केले, तर एकदा आलेली टिफ पुण्यातील डिस्कवर राहते आणि दुसऱ्या अभ्यासकाला तीच टिफ पुन्हा नवी मुंबईहून आणावी लागत नाही. ती एनक्रिप्टेड रूपातच राहते, कारण तो थर एनएफएसचा आहे आणि गोक्रिप्टएफएस त्याच्या वर आहे. ही सोय मजकूर साठवते, नावे आणि गुणधर्म साठवत नाही, म्हणून यादीचा प्रश्न तिने सुटला नसता.

तुम्ही टिफची चेकसम तपासणी करत असाल, तर तीही पुण्यातून करू नका. दीड टीबी १०० एमबीपीएसवरून वाचायला दीड दिवसाच्या जवळपास वेळ जातो. एनक्रिप्टेड फायलींची चेकसम सर्व्हरवरच काढता येते आणि त्यासाठी किल्ली तेथे नेण्याची गरज नसते; ठेवलेले बाइट बदलले नाहीत एवढेच तपासायचे असते. शिवाय गोक्रिप्टएफएस मजकुराच्या प्रत्येक ४,०९६ बाइटांमागे ३२ बाइट जादा लिहिते आणि त्यांत सत्यापनाची खूण असते, त्यामुळे बिघडलेला ठोकळा वाचताना तो चुकीचा मजकूर न देता चूक कळवतो.


मोडीवाचक

सर्वांचे मनापासून आभार. रविवारी संस्था बंद असताना बदल केले, त्यांची हकिगत देतो.

लहान फायली पुण्यात आणल्या. दोन्ही सुधारणा एकत्र करून एकच थर केला, कारण पहिली सुधारणा स्वतंत्र ठेवण्याची गरज कोणालाच आठवली नाही. टिफवरून ओव्हरले पूर्णपणे काढले: मूळ स्कॅन आणि सुधारित स्कॅन आता दोन वेगळ्या फोल्डरांत दिसतात, आणि कोणते पान कोठून घ्यायचे ते नोंदींच्या एक्सएमएलमध्ये लिहिले आहे. सोमवारी सकाळी कॅशे रिकामी करून मोजले: लहान फायलींची यादी क्षणात येते आणि ३०० टिफची यादी २ सेकंदांत येते. माउंटस्टॅट्समध्ये टिफच्या यादीचे लुकअप ३०० च्या किंचित वर आहेत.

रात्रीचे आरसिंक पहिल्या दिवशी दोन मिनिटांत झाले आणि दुसऱ्या दिवशी काही सेकंदांत. सर्व्हरवरील प्रत एका वेगळ्या यंत्रावर उलगडून ‘र०१७’मधील वीस पाने मी स्वतः ताडून पाहिली; ती बरोबर आहेत.

एक शंका राहिली आहे. सूचीचा शोध एसक्यूलाइट या एकाच फाईलमध्ये राहणाऱ्या डेटाबेसमध्ये आहे आणि तिची फाईल अजून एनएफएसवरच आहे. तीही इकडे आणावी, की तेथेच ठेवून तिला वॉल पद्धत (बदल आधी वेगळ्या फाईलमध्ये नोंदवण्याची) लावावी?


खडकवासला_७

इकडे आणा. वॉल पद्धतीत सर्व वाचक-लेखकांना एकाच यंत्रावरील सामायिक मेमरी लागते, म्हणून ती नेटवर्क फाईल सिस्टिमवर चालत नाही, असे एसक्यूलाइटच्या दस्तऐवजातच स्पष्ट लिहिले आहे. जुन्या पद्धतीत ती चालेल, पण प्रत्येक नोंद जतन करताना कुलूप आणि एफसिंक (डिस्कवर पक्के लिहिले गेल्याची खात्री) यांच्या अनेक फेऱ्या होतील आणि दोन यंत्रांवरून एकाच वेळी लिहिले तर कुलपांवर विसंबावे लागेल. पाच-सहा जण एकाच वेळी लिहिणार असतील, तर पुण्यातील त्याच यंत्रावर पोस्टग्रेस हा डेटाबेस सर्व्हर चालवा आणि त्याचा रात्रीचा डंप (सर्व नोंदींची प्रत) लहान फायलींच्या फोल्डरमध्ये टाका, म्हणजे तोही त्याच आरसिंकबरोबर एनक्रिप्ट होऊन जाईल. आरसिंक सुरू होण्याआधी डंप पूर्ण झाला आहे, एवढे क्रॉनमध्ये (ठरलेल्या वेळी कामे चालवणाऱ्या सोयीत) पाहा.


मोडीवाचक

डंप रात्री दीडला आणि आरसिंक तीनला लावले आहे. डंप अयशस्वी झाला तर आरसिंक सुरूच होणार नाही, अशी अटही स्क्रिप्टमध्ये घातली आहे.